तीन खोटे झिरे

यारिंगा या आमच्या वाळवंटी वस्तीच्या जमीन कार्यालयात शिरलं की समोरच्या भिंतीवर आमच्या मुलखाचा नकाशा दिसतो. नदीचं कोरडं पात्र, दगडी टेकड्या, मिठाचं तळं, कुठली जागा कुणाच्या घराण्याची, कुठं बायकांनीच जायचं, कुठं पुरुषांनीच, हे सगळं त्यावर रंगांनी दाखवलेलं आहे. त्या वर्षी मात्र नकाशाच्या पश्चिमेला तळहाताएवढी जागा कोरी होती. तळहाताएवढी कागदावर, पायी चालायची म्हटली तर चार दिवसांची!

ती कोरी का आहे हे वस्तीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. ती क्लेमच्या घराण्याची जमीन. नदीपासून मिठाच्या तळ्यापर्यंत तिथं पाण्याची एक ओळ आहे. वाळू उकरली की पाणी लागतं असे नऊ झिरे, आणि एका झिऱ्यावरून दुसऱ्याकडं कसं जायचं ते सांगणारं एक गाणं. त्या गाण्याचे शब्द मी इथं लिहिणार नाही, तो अधिकार माझा नाही. ते जाणणारा माणूस आता एकच उरला होता, क्लेम. आणि क्लेम कुणाला काही सांगत नव्हता.

क्लेम साठीला टेकला होता. मातीचे रस्ते सपाट करणारा ग्रेडर तो चालवायचा. मोठमोठ्या चाकांच्या त्या पिवळ्या यंत्रावर एकटा बसून दिवसभर धूळ खायची, हे काम त्याला मनापासून आवडे. तिथं कुणी प्रश्न विचारत नाही ना! लहानपणापासून माग काढायला शिकलेला माणूस. समोरच्याच्या चेहऱ्याकडं पाहण्याआधी त्याच्या बुटांच्या तळव्याकडं पाहायचा. कुणी दारात आलं की हा आधी विचारी, "तुला कुणी पाठवलं?"

लोक हसत. पण त्याच्या संशयाला कारण होतं.

चाळीस वर्षांपूर्वी शहरातून एक अभ्यासक आला होता. गोड बोलणारा, नम्र. क्लेमच्या वडिलांच्या तळावर पाच महिने राहिला. त्यांच्यातलाच होऊन घोरपड खाल्ली, निखाऱ्यात भाजलेली डॅम्परची जाड भाकरी मोडून खाल्ली, आणि रोज संध्याकाळी आपलं ध्वनिमुद्रण यंत्र म्हाताऱ्यापुढं ठेवलं. पुढं त्याचं पुस्तक निघालं. त्यात तिसऱ्या झिऱ्याचा फोटो होता आणि खाली नकाशा! मग ते पान हातात घेऊन मोटारी आल्या. कुणी झिऱ्यात साबण लावून आंघोळ केली, कुणी कडेचे मांडलेले दगड आठवण म्हणून उचलून नेले. वस्तीनं क्लेमच्या वडिलांना दोष दिला. "तू सांगितलंस. तुझ्यामुळं झालं." म्हातारा त्यानंतर त्या बाजूला कधी फिरकला नाही. दोन वर्षांत गेला. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. पण क्लेमच्या घरात ते नाव न घेण्यामागं दुःखापेक्षा लाज जास्त होती.

तर अशा माणसाकडं त्याची भाची नोएलीन आली.

नोएलीन जमीन कार्यालयात राखणदार बायकांच्या तुकडीची प्रमुख होती. ठरलेल्या जागी गवत जाळणं, रानटी उंट पाण्यापासून दूर ठेवणं, आणि जुन्या माणसांकडून जागांची माहिती घेऊन ती नकाशावर चढवणं, असं तिचं काम. येताना ती कांगारूची शेपटी आणि चहाचा डबा घेऊन आली.

"मामा, नऊ नको मागत. मला एकच दे. एकच झिरा."

"कुणाला हवाय?"

"मला हवाय. कुणाला म्हणजे?"

"तुझ्या मागं कोण आहे ते विचारतोय."

नोएलीननं शेपटी निखाऱ्यात सारली. "माझ्यामागं माझ्या दोन पोरी आहेत, मामा. काल धाकटी विचारत होती, आई, आपलं पाणी कुठंय? मी काय सांगू? नळात?"

क्लेमनं चहाचा डबा बाजूला सारला. कारण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली होती. तिसऱ्या झिऱ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याला जमिनीत ठोकलेल्या खुंट्या दिसल्या होत्या. त्यांना गुलाबी फिती बांधलेल्या. खाणीसाठी जमीन चाचपणाऱ्या कंपनीच्या खुंट्या! एवढ्या मोठ्या मुलखात त्यांना नेमकी हीच जागा कशी सापडली? ते जुनं पुस्तक आता कोण उघडतंय! कुणीतरी आपल्या मागावर येऊन जागा पाहिली आणि फुटलं, असं त्यानं धरलं. पण कोण?

त्याच्या मनात तीन नावं आली. पहिलं लेस्टरचं. हा त्याचा चुलतभाऊ आणि कार्यालयाचा अध्यक्ष, त्यानं नुकतीच नवीकोरी गाडी घेतली होती. दुसरं हेडनचं, शहरातून आलेला गोरा तरुण, संगणकावर नकाशा काढायचा आणि सारखं काहीतरी टिपून घ्यायचा. आणि तिसरं नोएलीनचं. बहिणीची पोर खरी, पण पगार घेते कार्यालयाचा.

क्लेमनं सापळा लावला. त्यानं तिघांना, एकमेकांना कळू न देता, एकेक झिरा सांगितला. तीन वेगळ्या जागा, तिन्ही खोट्या! ज्या खोट्या जागेकडं कंपनीची गाडी वळेल, ती ज्याला सांगितली तोच चोर.

आणि गाडी वळली हे कळणार कसं? त्याची सोयही त्याच्याकडं होती. मुख्य रस्त्यावरून त्या तीन जागांकडं तीन कच्च्या वाटा फुटत होत्या. क्लेम रोज ग्रेडरनं त्या तिन्ही फाट्यांवरची माती आरशासारखी गुळगुळीत करून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी खाली उतरून पाहायचा.

नोएलीनला खोटी जागा सांगितली त्या दिवशी तिचे डोळे भरून आले होते. तिनं मामाचा हात दोन्ही हातांत धरला. "आईला आज फार बरं वाटलं असतं," म्हणाली. क्लेम तिच्या बुटांकडं पाहत राहिला.

वाचकहो, संशय अगदी चोख पहारेकरी असतो, पण बाहेर कोण आणि आत कोण एवढंच त्याला कळत नाही!

हे एकीला मात्र उमगलं होतं. क्लेमची विनी आत्या, वय ऐंशीच्या पुढं, ओसरीवर पत्र्याच्या खुर्चीत बसलेली असायची. सगळी वस्ती तिला घाबरायची, कारण ती तोंडावर बोलायची.

"काय रे, रोज त्या फाट्यांवर उतरून काय हुंगतोस? कुत्र्याला काम दिलं असतंस."

"माग बघतो, आत्या."

"कुणाचा? स्वतःच्या लोकांचा?" आत्यानं चहात तिसरा चमचा साखर घातली. "क्लेम, तू मेलास म्हणजे ते झिरे तुझ्याबरोबर खड्ड्यात घालायचे का? कफनात जागा आहे एवढी?"

"आबांनी सांगितलं, त्याचं काय झालं ते विसरलीस? मी तोंड उघडणार नाही. गेलं तर जाऊ दे सगळं. चोराच्या हाती लागण्यापेक्षा मातीत गेलेलं बरं."

"मातीत गेलेलं बरं! शाब्बास." आत्यानं कप खाली ठेवला. "अरे, हे तुझ्या बापानं तुला दिलं ते ठेवायला, की पुढं न्यायला? मधल्या माणसानं हात आखडला, तर शेवटच्याच्या हातात काय पडणार? दार बंद कर ना, कोण नको म्हणतंय? पण पोरीबाळी घरात घेऊन बंद कर. तू त्यांना बाहेर ठेवून कडी लावलीस."

"घरातलेच फोडतात, आत्या. बाहेरच्याला काय दिसणार?"

"आणि तुझ्या बापानं त्या परक्याला का सांगितलं, ते तुला ठाऊक आहे?"

"गोड बोलून काढून घेतलं त्यानं."

आत्यानं कप पुन्हा उचलला. मग मान फिरवली. "जा तू. हुंग जा."

नोव्हेंबर उजाडला, म्हणजे आमच्याकडचा ऐन उन्हाळा. ऊन असं की पत्र्यावर पाणी टाकलं तर चर्र वाजावं. एका सकाळी अकराच्या सुमारास क्लेम नोएलीनच्या फाट्यावर उतरला आणि जागीच थबकला. गुळगुळीत मातीवर चाकांचे ठसे! ताजे, आत जाणारे. बाहेर आलेले नाहीत. उजव्या बाजूच्या मागच्या टायरला चीर, म्हणजे कार्यालयाची गाडी. नोएलीनच!

सांगायला वाईट वाटतं, पण खरं ते सांगायला हवं. क्लेमला आनंद झाला. तिची आई कोण, तिला कडेवर कुणी खेळवलं, यातलं काही आठवलं नाही. आपला अंदाज बरोबर निघाला याचाच तो आनंद. कंपनीच्या लोकांना घेऊन गेली! चोर सापडला! त्यानं ग्रेडर रस्त्याच्या कडेला लावला, मागून येणारी दुकानदाराची गाडी थांबवली आणि तडक कार्यालय गाठलं.

आत लेस्टर आणि हेडन जेवणाचे डबे उघडून बसले होते.

"बोलवा तुमच्या नोएलीनला!" क्लेम दारातूनच गरजला. "कुठं गेलीय ती? मी सांगतो. माझ्या झिऱ्याकडं गेलीय. आणि बरोबर कोण आहे तेही सांगतो!"

लेस्टर घास हातात धरून बघत राहिला. "अरे, बरोबर तिच्या तुकडीतल्या बर्निस आणि कियारा आहेत. झालंय काय तुला?"

"खोटं! कंपनीवाले आहेत."

हेडन उठला. "क्लेमकाका, बसा आधी. त्या फोटो काढायला गेल्यात. शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं. तिथलं काम थांबवायला अर्ज द्यायचाय, दहा दिवसांची मुदत आहे. तुमच्या जागा सरकारदरबारी कुठंच नोंदलेल्या नाहीत, म्हणून कंपनी म्हणते तिथं काही नाहीच. नोएलीन म्हणाली, मामानं मला एक झिरा सांगितलाय, त्याचा फोटो जोडू, म्हणजे सगळी ओळच अडवता येईल."

क्लेमचा आवाज जरा खाली आला. "मग अजून आली का नाही?"

"येतील हो," लेस्टर हसला. "अर्ध्या तासापूर्वीच उपग्रह फोन आला होता तिचा. झुडपाचं खोड घुसलं रेडिएटरात. साबण लावून भोक बुजवलं, दोन्ही डब्यांतलं पाणी ओतलं आत, तरी गळलं. पण पोरगी हसत होती. म्हणाली, घाई करू नका, उद्या सकाळी गाडी पाठवा. प्यायला एक बाटली आहे, आणि इथून पाच किलोमीटरवर मामाचा झिरा आहे. आम्ही तिकडं चालत निघालो. नशीबवान भाची आहेस म्हटलं मी."

क्लेमनं टेबलावरचा फोन हेडनपुढं सरकवला. 

"फोन लाव," क्लेम म्हणाला.

"बंद केलाय त्यांनी. बॅटरी वाचवायला."

"लाव म्हणतो ना!"

हेडननं लावला. लागला नाही. पुन्हा लावला. क्लेम दाराजवळच्या खुर्चीत बसला.

"पाणी नाही तिथं," तो म्हणाला.

"आटलं असेल म्हणतोस?"

"आटायला आधी असावं लागतं, लेस्टर! तिथं झिरा नाहीच. कधी नव्हता. मी तिला खोटी जागा सांगितली. तुलाही खोटी. ह्यालाही खोटी!"

लेस्टरनं जेवणाचा डबा बाजूला सारला. त्यानं शिवी दिली नाही की हात उगारला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, बाहेर त्रेचाळीस अंश होतं ते आठवलं, आणि आपल्या नव्या गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

"ऊठ," एवढंच म्हणाला.

अडीच तासांची वाट. पाण्याचे सहा डबे मागं डुचमळत होते.  लेस्टर वाटेत एकदाच बोलला, "बर्निसला साखरेचा आजार आहे." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

साडेतीनला कार्यालयाची गाडी दिसली. बॉनेट उघडं, आत कुणी नाही. काचेवरच्या वायपरखाली एक चिठ्ठी अडकवलेली होती. लेस्टरनं वाचली आणि क्लेमपुढं धरली. नोएलीनचं अक्षर: "मामाच्या झिऱ्यावर आहोत. चहाची पत्ती आमच्याकडं आहे. साखर तुम्ही आणा."

तिथून पुढं, वाटेत कुणी पडलं असेल तर चुकू नये म्हणून, क्लेम मागावर चालला, लेस्टर मागून गाडी आणत होता. तीन बायकांची पावलं. आधी सरळ, लांब टाकलेली. मग आखूड. मग मधली पावलं वाकडी जाऊ लागली आणि दोन्ही बाजूंची तिच्याजवळ आली. धरून नेत होत्या तिला. मागावरून माणसाचं मन वाचता येतं म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा क्लेमला वाटलं, आपल्याला हे वाचता येत नसतं तर बरं झालं असतं!

दगडी कड्याच्या पायथ्याशी त्यानं सांगितलेली जागा आली. खोटं बोलायचं तर नीट बोलायचं म्हणून त्यानं जागा मोठी हुशारीनं निवडली होती. वाळू झिऱ्याच्या वाळूसारखीच, झाडं तशीच. कुणालाही खरं वाटावं.

तिथं एक खड्डा होता. छातीएवढा खोल. चाकाच्या झाकणानं उकरलेला, आणि झाकण वाकल्यावर हातांनी. बाजूला वाळूचा हा ढीग! आणि खड्ड्याच्या तळाशी नोएलीन गुडघ्यांवर बसून अजून उकरत होती. नखं तुटली होती. ओठ फुटले होते. कड्याच्या बोटभर सावलीत बर्निस निपचित पडलेली, आणि कियारा, विशीतली पोर, तिच्या तोंडावर टोपीनं वारा घालत होती.

लेस्टर पाणी घेऊन बर्निसकडं धावला. क्लेम खड्ड्यात उतरला. नोएलीनच्या ओठांना त्यानं ओला रुमाल लावला, मग घोट घोट पाणी दिलं. तिनं डोळे उघडून त्याला ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"मामा, एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा झिरा आटला रे. मी पुष्कळ खोल गेले. मामा म्हणालाय म्हणजे असणारच, आणखी हातभर खाली असेल, असं करत गेले. पण आटलाय."

बंधुभगिनींनो, माणसाला लाज वाटावी म्हणून शिक्षाच लागते असं नाही. कधी कधी कुणीतरी आपली समजूत घालायला निघावं, एवढंही पुरतं!

"आटला नाही गं," क्लेम म्हणाला. "मी खोटं बोललो. इथं पाणी नव्हतंच."

तिला ते कळायला वेळ लागला. मग तिनं पाण्याचा डबा त्याच्या हातातून काढून आपल्या हातात घेतला, आणि तोंड वाळूच्या भिंतीकडं केलं.

डॉक्टरांचं विमान आलं, बर्निसला मोठ्या इस्पितळात नेलं. आठ दिवस ती तिथं होती. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली. परत आल्यावर तिनं क्लेमला दारात उभं केलं नाही, आणि त्याबद्दल तिला कुणी दोष दिला नाही.

इकडं वस्तीत, ती इस्पितळात गेली त्या दिवसापासूनच, क्लेमशी कुणी बोलेना. तो विनी आत्याच्या ओसरीवर जाऊन बसला. आत्याच्या मांडीवर एक कागद होता.

"हे बघ," ती म्हणाली. "ही जागा कशी सापडली असं कार्यालयानं विचारलं, तेव्हा कंपनीनं हे पाठवलं. हेडननं दाखवलं. मला वाचता येत नाही, पण फोटो कळतो."

क्लेमनं कागद पाहिला. जुन्या पुस्तकाचं पान. तिसरा झिरा, आणि खाली नकाशा. खुंट्या ठोकणाऱ्यांना कुणी फोडून सांगितलंच नव्हतं! त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडलं होतं.

"कळलं?" आत्या म्हणाली. "चोराकडं नकाशा चाळीस वर्षं आहे. नव्हता फक्त आपल्या लेकींकडं. तू गप्प राहिलास त्यानं चोराचं काय अडलं? अडलं ते तिचं. ती छातीएवढा खड्डा खणत बसली!"

क्लेमनं पान घडी करून तिच्या मांडीवर ठेवलं.

"आता दुसरं ऐक. तू म्हणतोस, बापाकडून गोड बोलून काढून घेतलं. ते वर्ष आठव. तुम्ही सगळे तरणे गुरं हाकायला गेलेले. आलात की पैसे उडवायला शहरात. तुझा बाप दोनदा तुला म्हणाला, बस, सांगतो. तू म्हणालास, पुढच्या खेपेला, आबा. मग तो परका आला आणि बसला. पाच महिने बसला रे तो! सांगायला आसुसलेल्या म्हाताऱ्यापुढं जो बसेल त्याला तो सांगणार. तो फसला, खरं. पण त्याच्यापुढची जागा रिकामी कुणी ठेवली?"

क्लेमनं विचारलं, "मग मला कसं ठाऊक झालं सगळं?"

"पुढं पुस्तक निघालं, लोक त्याला बोलले, तेव्हा तू त्याच्याजवळ बसलास. मरायच्या आधी दोन महिने. घाईघाईत दिलं त्यानं तुला. आणि तू त्याच्यावर बसून राहिलास, कोंबडी अंड्यावर बसते तसा. पण कोंबडी निदान पिल्लं तरी काढते!"

कडक म्हातारी. पण बोलता बोलता तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी क्लेम कार्यालयात गेला. नोएलीन टेबलाशी बसली होती, बोटांना पट्ट्या.

"लिहून घे," तो म्हणाला. "नऊच्या नऊ सांगतो. अर्जाला उद्याचीच तारीख आहे ना?"

नोएलीननं पेन उचललं नाही. "आणि तू सांगशील ते खरं कशावरून?"

लेस्टर, हेडन, दोघंही ऐकत होते. क्लेमनं आजवर असे प्रश्न शेकडो लोकांना विचारले होते. त्याला कुणी विचारलेला हा पहिलाच. 

"कशावरूनच नाही," तो म्हणाला. "चल, दाखवतो. आज तिसरा, अर्जापुरता. बाकीचे थंडीत पायी. हरेक ठिकाणी पहिला घोट मी घेईन. पाणी लागलं तरच लिही."

तिसऱ्या झिऱ्याला पाणी होतं. फोटो निघाला, क्लेमनं अर्जावर सही केली, तारीख चुकली नाही. कंपनीचं काम सध्या थांबलेलं आहे. निकाल अजून यायचा आहे.

हेडननं मग नकाशा कसा राहील ते समजावलं. जे सगळ्यांनी पाहावं ते भिंतीवर. जे घराण्यापुरतं ते कुलपात, घराण्याच्या दोन माणसांच्या परवानगीशिवाय उघडणार नाही. आणि एक जागा क्लेम म्हणाला तशी अजिबात काढायची नाही. ती फक्त चालून दाखवायची. हेडन म्हणाला, "मग तिथं कोरंच ठेवतो, क्लेमकाका." पहिल्यांदाच त्या पोराला क्लेमनं चहा विचारला.

जूनमध्ये, आमच्याकडची थंडी पडल्यावर, ते निघाले. क्लेम, नोएलीन, तिच्या दोघी मुली, कियारा, आणि पाण्याचे डबे लादलेली गाडी घेऊन मागं लेस्टर. नोएलीननं डबे स्वतः मोजून घेतले होते. मामा पुढं चालत गाणं म्हणे, मुली मागून म्हणत. हरेक झिऱ्याशी नोएलीन हाताची घडी घालून बाजूला उभी राही, पाणी वर येईपर्यंत. पाणी आलं की मामा प्यायचा, मग मुली, शेवटी ती. सात झिरे असे झाले.

आठवा सापडेना.

क्लेमनं गाणं पुन्हा म्हटलं. एका ओळीपाशी तो अडखळला. लाल टेकडी डाव्या हाताला की उजव्या? त्यानं एक ठिकाणी उकरलं, कोरडं. दुसरीकडं उकरलं, कोरडं. दुपारपर्यंत त्यानं पाच खड्डे खणले. कियारानं नोएलीनकडं पाहिलं. लेस्टर गाडीतून उतरला आणि तोही पाहू लागला. सगळ्यांच्या मनात एकच आलं. पुन्हा?

क्लेमला ते दिसलं. त्यानं हात टेकले.

"लपवत नाही गं," तो म्हणाला. "आईच्यान् लपवत नाही. ती ओळ गेली. वीस वर्षांत मी ती तोंडानं म्हटलीच नाही. कुणी ऐकेल म्हणून मनातल्या मनात म्हणायचो. मग मनातही म्हणेनासा झालो. माझ्याकडून हरवला, नोएलीन. चोरानं नाही नेला. मी हरवला."

आणि तो म्हातारा माणूस वाळूत बसून लहान मुलासारखा रडला.

नोएलीननं हाताची घडी सोडली. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली. त्या खड्ड्याच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, इतकी जवळ.

"मला पटतं," ती म्हणाली. "आता खरं बोलतोयस."

"कशावरून?"

"खोटं सांगायचं असतं तर तुला केव्हाच सापडला असता."

धाकटी पोर म्हणाली, "आजोबा, नववा तरी येतो ना?"

"येतो."

"मग तो म्हणा. मी म्हणते तुमच्याबरोबर. रोज म्हणते."

ते नवव्याकडं निघाले. भिंतीवरच्या नकाशात आज पश्चिमेला दोन जागा कोऱ्या आहेत. एक राखायची म्हणून कोरी ठेवली. दुसरी हरवली म्हणून कोरी राहिली. दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. वस्तीतली माणसं मात्र फरक जाणतात, आणि पोराबाळांना त्या दोन्हींसमोर उभं करून तो समजावून सांगतात.

आपल्यापैकी किती जणांच्या मनात असा एखादा झिरा असेल! वैद्याची पाळंमुळं, सुइणीचा हात, कुणा आजीच्या ओव्या. कुणी लुबाडलं म्हणून आपण दार लावतो, आणि ते चूक नाही. लुटणाऱ्यापासून राखायलाच हवं. कुणाला किती सांगायचं ते ठरवायचा हक्कही आपलाच. पण परक्याच्या पापाची शिक्षा आपल्याच लेकरांना देऊ नका. त्यांच्यापुढं बसा. सांगा, म्हणून दाखवा, बरोबर चाला. आणि हे आजच करा, कारण न सांगितलेलं ज्ञान चोरापासून सुरक्षित राहतं असं नाही. ते आधी आपल्याच आठवणीतून जातं.